मागं कोण हाय?

इंदापूरच्या हायवेला पशुखाद्याचं एक गोदाम आहे. तिथं ट्रक लावून घेण्याचं काम हारिस करतो. ट्रक मागं येऊ लागला की तो त्याच्या मागं उभा राहतो. तोंड ट्रककडं, पाठ गोदामाच्या भिंतीकडं. हात हलवत तो उलट्या पावलांनी सरकत राहतो. मान वळवत नाही. भिंत कुठं आहे, खड्डा कुठं आहे, पोत्यांची थप्पी कुठं संपते, हे त्याच्या टाचांना ठाऊक असतं. ड्रायव्हरला आरशात तो धड दिसतही नाही. नुसता आवाज येतो आणि त्या आवाजाच्या भरवशावर एवढं मोठं धूड मागं जातं.

या कामाला नवा लागला तेव्हाची एक गंमत तो मला नेहमी सांगायचा. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारायचे, "मागं कोण हाय का?" आणि हा ओरडायचा, "मी हाय, येऊ द्या." एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं गाडीच थांबवली. खाली उतरून म्हणाला, "लेका, तू हायस म्हंजी मी थांबू का येऊ?" तरी हारिसनं आपलं उत्तर बदललं नाही. त्याला ते उत्तर आवडायचं. का आवडायचं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

हारिस हा दस्तगीर ढोलकीवाल्याचा मुलगा. दस्तगीर आणि मी तमाशाच्या एकाच फडात उमेदीची वर्षं काढली. तो ढोलकीला, मी वगात हवालदार. माझा हवालदार पोट पुढं काढून यायचा, लाकडी दांडका आपटायचा आणि शेवटपर्यंत चोर त्याच्या हाती लागायचा नाही. लोक हसून हसून लोळायचे. गावागावांत मला नावानं कुणी ओळखत नव्हतं, हवालदार म्हणूनच हाका मारायचे. आता फड राहिला नाही. आमची दोघांची घरं मात्र शेजारी शेजारी राहिली, मधल्या एका भिंतीची. दस्तगीरची बोटं अजून त्या भिंतीवर, ताटावर, खुर्चीच्या हातावर, सापडेल तिथं ठेका धरतात. फक्त उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नाही. कनातीचा खांब पडून ते चेचलं होतं. तो दवाखान्यात होता आणि फड पुढच्या गावाला गेला. पुढच्या हंगामात ढोलकीला दुसरा माणूस आला. त्या साली मी फडात नव्हतो, पण दस्तगीरनं ते इतक्या वेळा सांगितलंय की मलाही तो खांब पडताना दिसतो.

मुलाचं नाव ठेवलं तेव्हा मौलानांनी अर्थ सांगितला होता, हारिस म्हणजे राखण करणारा. दस्तगीर म्हणाला, "राखायला घरात काय तरी पायजे की." त्याच्या बायकोनं, सायराभाभींनी, तेव्हा त्याला सगळ्यांदेखत गप्प केलं होतं.

हारिसला पोलिस व्हायचं होतं. बारामतीच्या भरती अकॅडमीत तो पहाटेपासून पळायचा, गोळा फेकायचा. पळण्यात सगळ्यांच्या पुढं. पण भरतीच्या दिवशी पट्टीखाली उभा राहिला आणि उंची बोटभर कमी भरली. मोजणाऱ्यानं मान वर न करता पुढच्याला बोलावलं. त्या अकॅडमीत त्याचे तीन जिवाभावाचे सोबती होते. काटेवाडीचा यशराज, घरी गोठा आणि ऊस. तो लेखी परीक्षेत नापास झाला. माळेगावची उत्कर्षा, तिचे वडील साखर कारखान्यात. ती थोडक्यात राहिली. आणि वालचंदनगरचा ऋषिराज, कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेला, अबोल. त्यानं कंटाळून नाद सोडला. चौघांच्याही अंगावर खाकी चढली नाही. मग चौघं मिळून पोलिसांचा गेम खेळू लागले.

मी आधी ऐकलं तेव्हा म्हटलं, मोबाइलवरची ठो-ठो असेल. तसं नव्हतं. हारिसनं जुने सुटे भाग जमवून एक कॉम्प्युटर उभा केला होता. त्याच्या घरात बहिणीचा अभ्यास असायचा, म्हणून तो माझ्या पुढच्या खोलीत ठेवला. मी एकटाच राहतो, मला सोबत झाली. संध्याकाळी तो गोदामावरून आला, हातपाय धुतले की बसायचा. तिकडं काटेवाडीत यशराज बसायचा, माळेगावात उत्कर्षा, वालचंदनगरात ऋषिराज. चौघांचे आवाज माझ्या खोलीत. मला नीट ऐकू यावं म्हणून हारिस हेडफोन कानाला न लावता स्पीकर चालू ठेवायचा. कित्येक वर्षांनी घरात पडद्यामागच्यासारखी कुजबुज ऐकू आली.

खेळ असा होता. एका घरात गुन्हेगार लपलेत आणि घरातली काही माणसं त्यांच्या ताब्यात आहेत. चार पोलिसांनी आत शिरायचं. एकाच्या हातात ढाल, ती यशराजकडं. दाराखालून आरसा सरकवून पलीकडं बघायचं, मग दार उघडायचं. ते उत्कर्षाचं काम. डोळे दिपवणारा गोळा आत टाकायचा, ते ऋषिराजचं. दिसला की झाडली गोळी, असं चालत नाही. आधी "हात वर" म्हणून दरडावायचं. शरण आला तर बेड्या घालायच्या. जिवंत धरला तर गुण जास्त, मारला तर कमी, आणि साध्या माणसाला धक्का लागला तर सगळंच मातीत. एकट्यानं काहीच होत नाही. दार उघडणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, ढालवाल्याला बाजूचं दिसत नाही. प्रत्येकाचं आंधळं अंग दुसऱ्यानं सांभाळायचं, तरच चौघं जगतात.

हारिस सगळ्यांच्या मागं. तोंड उलट्या दिशेला. पुढं दार फुटतंय, गोळा पडतोय, आरडाओरडा चाललाय आणि हा मागं आलेल्या रिकाम्या खोल्यांकडं बघत उलट्या पावलांनी सरकतोय. मागून कुणी येऊ नये म्हणून दारांना पाचरी मारायच्या, पुढच्यांनी पकडलेल्यांना बेड्या घालायच्या, कुणी पडला तर जवळ बसून त्याला उठवायचं. मी त्याला म्हटलं, अरे, मग तुला खेळ दिसतो कधी? तर म्हणाला, "मी फुडं बघितलं, तर त्यांला मागं बघावं लागंल, तात्या."

सुरुवातीला ते सारखे हरायचे. पुढचे तिघं जोशात पुढं जायचे आणि हा एखाद्या खोलीत बेड्या घालत मागं राहायचा. मध्ये दार बंद व्हायचं आणि आधी हा मरायचा, मग मागून गाठून ते तिघं. हे चार-सहा संध्याकाळी बघितल्यावर मी हारिसला आमच्या फडातला रिवाज सांगितला. आमचा शाहीर गायला उभा राहिला की मागं झील धरणारे असायचे. शाहिराचा दम संपतो तिथं मागच्यांनी सूर उचलायचा, की लोकांना फट कळत नाही. पण शाहिराला गाताना मागं वळून बघता येत नाही. म्हणून प्रत्येक कडव्याच्या आधी तो न वळता विचारायचा, "मागं कोण हाय?" आणि मागून यायचं, "हाय जी." एवढं ऐकल्याशिवाय तो पहिला शब्द तोंडातून काढत नसे. लोकांना वाटायचं, हाही गाण्याचाच भाग आहे.

हारिसनं ते तिघांना सांगितलं. यशराज आधी हसला, म्हणाला, आता तमाशा करायचा व्हय. पण करून बघितलं. प्रत्येक दारापाशी यशराज विचारायचा, "मागं कोण हाय?" हारिस म्हणायचा, "हाय." मगच दार उघडायचं. आणि ते जिंकू लागले. बारामतीत, भिगवणला, अकलूजला ज्या ज्या टोळ्या हा गेम खेळायच्या त्यांच्यात या चौघांचं नाव झालं.

दुसरा नियम उत्कर्षानं घातला. एकदा ती दारातच पडली. पडलेला खेळाडू लगेच मरत नाही, थोडा वेळ जमिनीवर पडून असतो, तेवढ्यात कुणी येऊन त्याला उठवलं तर तो वाचतो. हारिस दोन खोल्या मागं होता. तो सगळं सोडून धावला, तिला उठवलं आणि त्या नादात चौघंही हरले. यशराज चिडला. उत्कर्षा म्हणाली, हरू दे, पण आजपासून नियमच करायचा. "पडला तर परत यायचं. कुणी का आसंना." चौघांनी मान्य केलं. मी ते माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दस्तगीर कधीतरी येऊन दाराशी उभा राहायचा. पडद्याकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "घराण्यात एक खरा पोलिस पायजे व्हता, तर वाट्याला दोन खोटं आलं." हारिस हसून सोडून द्यायचा. पण एक दिवस त्यानं बापाला तो नियम मोठ्या अभिमानानं सांगितला. दस्तगीरची बोटं चौकटीवर वाजत होती. त्यातलं न वाकणारं बोट त्यानं मुलापुढं धरलं.

"पडल्यावर कोण येतंय रं?"

नंतर हारिस मला म्हणाला की अब्बाला एकदा दाखवायचंय. पोलिस होता आलं नाही याचं दुःख त्याला होतंच, पण ते त्यानं गिळलं होतं. हे बापाचं बोट मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. माणसं परत येतात, हे त्याला दाखवायचं होतं. त्याच्या सगळ्या खेळाचा तेवढाच अर्थ उरला होता.

मग बारामतीत स्पर्धा जाहीर झाली. मंगल कार्यालयाचा मोठा हॉल, स्टेज, मोठा पडदा, पुण्याहून येणारे निवेदक. जिंकणाऱ्या संघाला पुण्यात पुढं खेळायची संधी. या चौघांना शिकवायला राजवर्धन नावाचा एक तरुण पुढं आला. पुण्यात शिकून आलेला, बारामतीत अशा खेळांची अकॅडमी काढायच्या विचारात असलेला. माणूस वाईट नव्हता. माझ्या खोलीत आला तेव्हा त्यानं वाकून नमस्कार केला, माझ्या हवालदाराबद्दल विचारलं. त्यानं चौघांचे जुने खेळ पुन्हा पुन्हा बघितले, वेळ लावून बघितले, आणि सांगितलं की तुमचा शब्द तुम्हाला मारतोय. प्रत्येक दारापाशी विचारायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं, यात वेळ जातो. फायनलला सगळे संघ तेच घर खेळणार. गुण सारखे झाले तर वेळ बघणार. शब्द काढा. आणि मागच्या माणसाला मागं ओढत आणू नका. जिन्यापाशी ठेवा. मागून येणारे सगळे तो अंगावर घेईल, तोवर तिघं पुढं मोकळे.

हिशोब बरोबर होता. त्यांनी तसं खेळून बघितलं आणि वेळ खरंच खाली आला. माझ्या खोलीतला तो प्रश्न बंद झाला. हारिसला मी विचारलं, तुला चालतंय का? तर म्हणाला, "कोच सांगत्यात ते बराबर हाय, तात्या." पण त्याच संध्याकाळी त्यानं यशराजला विचारलं, "आन मी पडलो तर?"

स्पीकरमधून यशराजचं हसू आलं. "तर येणारच की. ते काय शब्दावर हाय व्हय?"

उत्कर्षा म्हणाली, नियम तो नियम. ऋषिराजनं नुसता हुंकार दिला. हारिसनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर असा आनंद होता की मी उठून चहा टाकला.

फायनलच्या दिवशी हारिसनं बापाला नवा शर्ट घालायला लावला. दस्तगीर, सायराभाभी आणि मी इंदापूरहून एसटीनं गेलो. हॉल पोरांनी भरला होता. स्टेजवर दोन्ही बाजूंना टेबलं, कॉम्प्युटर, कानाला हेडफोन लावलेली पोरं. कितीतरी वर्षांनी मी स्टेजच्या समोर बसलो होतो. विंगेत कुणी तरी चहाचे कप गोळा करत होतं, एक पडदा नीट ओढला गेला नव्हता. मला सगळं ओळखीचं वाटलं. दस्तगीरची बोटं खुर्चीच्या हातावर वाजायला लागली होती. चांगला, मोकळा ठेका. पोरगा स्टेजवर आहे म्हटल्यावर कोणत्या बापाचा हात गप्प बसेल?

प्रेक्षकांना मजा यावी म्हणून खेळाडूंचं बोलणं हॉलमध्ये ऐकवत होते. खेळ सुरू झाला. तिघं सरसर पुढं गेले. हारिस जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. खालून दोघं आले. पहिल्याला त्यानं दरडावलं, त्यानं हात वर केले. हारिस त्याला बेड्या घालायला वाकला आणि दुसऱ्यानं त्याला पाडलं. पाडून तो खाली पळाला.

मोठ्या पडद्यावर हारिसच्या डोळ्यांनी दिसू लागलं. आडवी झालेली फरशी, आडवा झालेला बोळ. आणि बोळाच्या टोकाला, हाक ऐकू जाईल एवढ्यावर, तीन पाठी.

"हाय," हारिस म्हणाला. त्याचा आवाज सगळ्या हॉलभर झाला. "यश, हाय मी. आजून हाय."

पुण्याहून आलेला निवेदक हसला. माइकमधून म्हणाला, बघा, पडल्या पडल्यासुद्धा हा आपल्या मित्रांना हाय-हॅलो करतोय. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन पोरांनी हात हलवले आणि ती ओरडली, हाय, हाय. मग सगळा हॉल हसला. निवेदकाचं मला काही वाटलं नाही. तो त्या बोलीचा नव्हता. पण हॉलमधली निम्मी पोरं घरी आईशी हाय-न्हायच बोलणारी होती. तो शब्द काय आहे ते त्यांना कळलं नाही असं मी कसं मानू? तरी हसली. लोकांचं हसू मी जन्मभर मागून घेतलं, त्यावर जगलो. ते ऐकताना कानावर हात ठेवावेसे वाटले, ते तेव्हाच.

पडद्यावरच्या तीन पाठींतली एक वळली. उत्कर्षा होती. अर्धी वळली.

"चल," यशराजचा आवाज आला. "दार."

ती पुन्हा पाठमोरी झाली. दार उघडलं. आत गोळा पडला, उजेड झाला, ओरडा झाला. इकडं हारिसच्या डोळ्यांपुढचं चित्र कडेनं लाल होत आत आत येत होतं. "हाय" असं तो आणखी एकदा म्हणाला, पण या वेळी हळू, हसू शमल्यावर. मग चित्र काळं झालं. दुसऱ्या क्षणी घड्याळ थांबलं, ताब्यातली माणसं सुटली आणि चौघांचा संघ जिंकला. गुण बरोबरीचे, पण वेळ सगळ्यांत कमी. मागचा माणूस पडला म्हणून गुण कापायचा नियम त्या स्पर्धेत नव्हता.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला जाणवलं की माझ्या शेजारचा ठेका बंद झालाय. दस्तगीरनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. सायराभाभी मला विचारत होत्या की जिंकली ना पोरं, मग हे टाळ्या का वाजवत नाहीत? स्टेजवर चौघं उभे होते. चषक यशराजनं उचलला, मग हारिसच्या हातात दिला. हारिसनं तो नीट धरला, फोटो होईपर्यंत हसला, आणि परत दिला. एसटीत तो आमच्या मागच्या बाकावर बसला. इंदापूर येईपर्यंत दस्तगीरनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. 'मी म्हणलोच व्हतो' असंच त्याच्या मनात चाललं असणार, असं मला वाटलं, पण मी चुकीचं ओळखलं होतं.

त्यानंतर हारिस संध्याकाळी माझ्याकडं यायचा, पण कॉम्प्युटर लावायचा नाही. माझ्याशी पावसापाण्याचं बोलायचा आणि जायचा. आठवड्यानं यशराज आणि उत्कर्षा पेढे घेऊन आले. ऋषिराजची शिफ्ट होती म्हणे. पुण्याला जायची तारीख ठरली होती आणि हारिस फोन उचलत नव्हता. दोघं माझ्या पलंगाच्या कडेला बसले, हारिस आपल्या रोजच्या खुर्चीत. पेढे मध्ये तसेच राहिले.

यशराजनं बराच वेळ इकडचं तिकडचं केलं. मग म्हणाला, "तू खरा पडला व्हतास व्हय? गेम व्हता, हारिस."

"गेमच व्हता," हारिस म्हणाला. "म्हणून तर यायला काय लागत नव्हतं."

हारिसनंच पुढं म्हटलं, अगदी सावकाश, समजावून सांगितल्यासारखं. "खरी गोळी आसती तर मीच म्हणलो आसतो, येऊ नगा."

"मी वळले व्हते," उत्कर्षा म्हणाली.

"दिसलं मला."

तिनं मान खाली घातली ती वर केली नाही. यशराज सांगू लागला की आलो असतो तर वेळ गेला असता, वेळ गेला असता तर हरलो असतो, पुणं गेलं असतं, आणि हे सगळं तुझ्यासाठीपण होतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला त्याचीही कीव आली. त्या पोराला जन्मात पहिल्यांदा एवढं मोठं काही जिंकायला मिळालं होतं आणि ते जिंकणं तो धड उपभोगू शकत नव्हता.

तेवढ्यात दस्तगीर आत आला. भिंत एकच, त्यानं सगळं ऐकलं असणार. मला वाटलं, आता हा आपलं बोट वर करणार. मी त्याला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण त्यानं पेढ्यांचा पुडा उचलला, एक पेढा मोडून अर्धा यशराजच्या हातावर ठेवला, अर्धा मुलापुढं धरला.

"जा त्यांच्यासंगं," तो म्हणाला. "माज्यासारका भिताडाला टेकून बसू नगंस."

हारिसनं पेढा घेतला नाही. "तुमीच म्हणला व्हता, अब्बा. पडल्यावर कोण येत न्हाय म्हणून."

"मी खोटा पडावा म्हणून म्हणलो व्हतो रं."

दस्तगीरच्या तळहातावर तो अर्धा पेढा तसाच होता. मग त्यानं तो पुड्यात परत ठेवला आणि निघून गेला. जाताना त्याचा हात चौकटीला लागला, पण बोटं वाजली नाहीत.

पोरं पुण्याला गेली. मागं उभं राहायला त्यांना कुणी तरी मिळाला. ते जिंकत असतात, असं कानावर येतं. यशराजचे फोटो फोनवर येतात, ते सायराभाभी मला दाखवतात आणि विचारतात की यात आपला हारिस का नाही? हारिसनं कॉम्प्युटर खोलला आणि त्याचे भाग ज्याचे त्याला देऊन टाकले. बहिणीला टेबल दिलं. माझ्या पुढच्या खोलीत संध्याकाळी आता घड्याळाचा आवाज येतो. पुढची भरती निघाली तेव्हा उत्कर्षा पुन्हा उतरली आणि या खेपेला लागली. आता ती खरी पोलिस आहे. निवड झाल्यावर तिनं हारिसला फोन केला होता. त्यानं अभिनंदन केलं, तिनं ऐकलं, आणि फोन बंद झाला. हे तिनंच मला सांगितलं.

परवा दस्तगीरचा गुडघा धरला होता, म्हणून हारिसचा डबा घेऊन मी गोदामावर गेलो. ऊन लागत होतं. मी लिंबाच्या सावलीला थांबलो. सोलापूरकडून आलेला एक ट्रक आत वळला. नवा ड्रायव्हर असावा. त्यानं खिडकीतून डोकं काढलं, आरशात बघितलं. आरशात त्याला काही दिसलं नसावं.

"ओ पावणं," तो ओरडला, "मागं कोण हाय का?"

हारिस ट्रकच्या बरोबर मागं उभा होता. मला तो स्पष्ट दिसत होता, पाठ भिंतीकडं, हात वर केलेला.

"कुणी न्हाय," तो म्हणाला. "येऊ द्या."

ट्रक मागं येऊ लागला.